दारासाठी नऊ दिवसांची पायपीट

खानापूरच्या पूर्वेला आमच्या गावात सरकारने दवाखान्याची एक खोली बांधली. भिंती झाल्या, पत्रे पडले, नर्सबाई आल्या. दार मात्र आलं नाही. आणि उघड्या खोलीत बाळंत व्हायला गावातली एकही बाई तयार होईना. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी तिथे मास्तर होतो, चोविशीचा आणि जरा शहाणा.

बिरूतात्या पासष्टीचे, मेंढपाळ. त्यांची थोरली लेक बाळंतपणात तालुक्याला नेताना बैलगाडीतच गेली होती. धाकटी हौसा आता पहिल्या खेपेला माहेरी आली होती, आठवा महिना सरत आलेला. आमच्या रानात बाभळीशिवाय लाकूड नाही. तात्या म्हणाले, मेंढरं घेऊन पश्चिमेला जायचंच आहे, औंदा दाणे नको, दार मागू. दिवाळीची सुट्टी होती, मीही निघालो.

तुम्हाला ही वाट चालायची असेल तर दिवाळीनंतर निघा आणि पायात जुनी, मुरलेली चप्पल घाला. मी नवी घातली होती, तासगावपर्यंत लंगडत गेलो. मेंढरांची चाल दिवसाला चार कोस. तासगावात तेव्हा द्राक्षबागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. जेवण म्हणजे बाजरीची भाकरी, खर्डा आणि मेंढीचं दूध. कृष्णेकाठी पोचलो आणि मी बघतच राहिलो. एवढं पाणी, एवढा ऊस! तात्यांनी आधी नदीला हात जोडले, मग मेंढरांना पाणी पाजलं.

रीत अशी, की मेंढरं ज्याच्या रानात रात्री बसतील त्याला लेंडीखत मिळतं आणि तो मेंढपाळाला धान्य देतो. तात्या धान्य घेत नव्हते, दार मागत होते. लोक हसत, चहा पाजत, पायलीभर ज्वारी पुढे करत. दार कोणाकडेच जादा नव्हतं.

नवव्या दिवशी कराडच्या अलीकडे मी घोळ घातला. पुढे जाऊन रान ठरवायचं काम माझ्याकडे होतं. आबा नावाच्या शेतकऱ्याला आजची रात्र कबूल केली आणि बांधापलीकडच्या बापूंनाही तीच कबूल केली. बापू फौजेतून आलेले हवालदार. दोघं सख्खे भाऊ निघाले, सात वर्षं अबोला. दिवस मावळताना दोघंही बांधावर उभे, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं.

तात्या मला एका शब्दानेही टाकून बोलले नाहीत. मेंढरं कोंडायची जाळी, वाघर म्हणतात तिला, ती त्यांनी बांधाच्या दोन्ही बाजूंना पसरून ठोकली.

आबा म्हणाले, "आमचं रान पुरं खतवून पायजे."

"आवं, बांध तुमा दोघांचा हाय," तात्या म्हणाले. "मेंढरं कुटं बसत्यात ते त्यांस्नी ठावं."

मग त्यांनी दाराचं सांगितलं. थोरल्या लेकीचंही सांगितलं.

सकाळी बांधावर सागवानी चौकट पडलेली. वाटणीत जुन्या घराचं दारही वाटलं गेलं होतं, चौकट आबांकडे, फळ्या बापूंकडे. सात वर्षं दोन गोठ्यांत पडून, कुणाच्याच कामाच्या नाहीत. थोड्या वेळाने बापू फळ्या खांद्यावर घेऊन आले. बसतायत का ते बघायला आबांनी खालून धरलं, बापूंनी वरून. एकमेकांशी बोलले नाहीत. पण दार बसलं, आणि मी त्या दोघांच्या हातांकडे बघत राहिलो. देवळात इतका हरखलो नव्हतो कधी.

मेंढरं तात्यांच्या सोबत आलेल्या पुतण्यांवर सोपवून आम्ही एसटीने परतलो. दार टपावर. कंडक्टर आधी नाही म्हणाला, कशासाठी ते कळल्यावर स्वतःच दोर आवळायला वर चढला.

तीन आठवड्यांनी हौसाच्या कळा सुरू झाल्या. तात्या तिला घेऊन खोलीपाशी आले, आणि नर्सबाईंनी हौसाला आत घेऊन दार लावून घेतलं. दोन तासांनी पोरीचं रडणं ऐकू आलं. मायलेकी सुखरूप. तात्या पायरीवर बसून डोळे पुसत होते. जन्मभर माळावर झोपलेला माणूस तो, त्यांच्या पालाला कधी दार नव्हतं.

मला म्हणाले, "मास्तर, बाईनं तोंडावर दार लावलं माज्या. लय बरं वाटलं बगा."

नंतर मी पुष्कळ फिरलो, काशी-रामेश्वरही केलं. पण प्रवासातून तुम्ही काय आणलंत, असं कोणी विचारलं की मी ते दारच सांगतो.