लाभ, दोन, तीन

शकूला कोणी ‘तुला जमायचं नाही’ म्हटलं, की ती ते जमवूनच दाखवायची. कोलशेतच्या मिठागरावर पाट्या वाहणाऱ्या सगुणाची ही लेक. १९५२ साली ठाण्याच्या एका शाळेत, वरच्या गणिताच्या वर्गातच बसणार म्हणून ती हटून बसली होती.

तिथले गणिताचे त्र्यंबक मास्तर म्हणजे बडं प्रस्थ. मुलींना घरापुरता हिशोब आला की पुष्कळ झालं, हे त्यांचं मत. पण शकू रोज वर्गाच्या दारात हजर. शेवटी वैतागून ते म्हणाले, “फळ्यावर एक उदाहरण सोडव. आलं तर बस. नाहीतर उद्यापासून मुकाट्याने शिवणाच्या वर्गात जायचं.”

सूर्य नऊ कोटी तीस लाख मैलांवर. प्रकाश सेकंदाला एक लाख शहाऐंशी हजार मैल धावतो. तर सूर्याचा उजेड पृथ्वीवर पोचायला किती सेकंद लागतील?

बाकावरची मुलं शून्यांची लांबलचक शेपटी घेऊन भागाकाराला भिडली. शकूने फळ्यावर सूर्याच्या अंतराचा आकडा लिहिला, नवाच्या पुढे बोट ठेवलं आणि एकेक घर मोजू लागली, “लाभ, दोन, तीन…”

वर्गात हशा पिकला. मिठागरावर पाट्या मोजताना पहिलीला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. बरकत राहते म्हणून. शकूच्या तोंडात लहानपणापासून तेच बसलेलं.

“हे मीठ नाही,” मास्तर कडाडले. “पुन्हा मोज. एक म्हण.”

शकूचे कान लाल झाले. रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. आई उन्हात पायाची सालं जाईस्तोवर हीच मोजणी करते, आणि ही पोरं हसतात?

“आमचे आयची मोजणी हाय ती, सर,” ती म्हणाली. “मी लाभच म्हननार.”

आणि तिने पुन्हा पहिल्यापासून, मुद्दाम मोठ्याने मोजलं. सात घरं. म्हणजे ९.३ गुणिले दहाचा सातवा घात. खाली प्रकाशाच्या वेगाच्या आकड्याची पाच घरं, १.८६ गुणिले दहाचा पाचवा घात. सातातून पाच वजा केले, उरला दुसरा घात. ९.३ ला १.८६ ने भागलं, आले नेमके पाच. पाच गुणिले शंभर.

“पाचशे सेकंद,” ती म्हणाली. मुलांची शून्यं अजून संपली नव्हती.

मास्तर पुढे आले. फळ्यावर बोट ठेवून त्यांनी स्वतः घरं मोजली, “एक, दोन, तीन…” सातावर येऊन थांबले.

“तुमचेपन सातच आले ना, सर?” शकूने विचारलं.

मास्तरांनी फळ्यावरचं बोट काढून घेतलं. ‘बस’ मात्र म्हणाले नाहीत. शकूने हातावरची खडूची पूड झटकली, पहिल्या बाकावरच्या मुलाला म्हणाली, “सरक रे,” आणि बसली.

पुढे ती कल्याणच्या शाळेत गणित शिकवू लागली. शकूबाईंच्या वर्गात मुली फळ्याशी अडखळल्या, की त्या म्हणायच्या, “एक म्हण नाहीतर लाभ म्हण. पण उत्तर काढल्याशिवाय खडू खाली ठेवायचा नाही.”