सात निळे

हेडली डाउसने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि टेबलावरच्या पानाकडे पाहिलं. मग हात डाव्या डोळ्यावर नेला आणि पुन्हा पाहिलं. पुन्हा उजव्यावर. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं.

"झाली का तुझी डोळेझाक?" त्याची बायको थेल्मा दारातून म्हणाली. "चहा मीच ओतलाय. तू ओतलास की कपाच्या शेजारी ओततोस."

"गेले," तो म्हणाला.

"कोण गेलं?"

"माझे निळे."

थेल्माने माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या घरातला. माझ्याकडे गाडी आहे, म्हणून आमच्या गल्लीत कुणाचं हॉस्पिटल निघालं की मला बोलावतात. आठवड्यापूर्वी हेडलीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला तेव्हा मीच त्याला नेऊन आणलं होतं. त्या संध्याकाळपासून त्या घरात कुणी धड बोलत नव्हतं.

हेडलीने उभं आयुष्य स्कन्थॉर्पच्या पोलादाच्या कारखान्यात भट्टीसमोर काढलं. टोपीला लावलेली निळी काच डोळ्यांवर ओढून तो आत पाहायचा आणि रंगावरून सांगायचा, तयार आहे, किंवा अजून नाही. निवृत्त झाल्यावर बाकीचे मासे पकडायला गेले, बागेत कांदे लावू लागले. हेडली मागच्या खोलीत जाऊन बसला, टपालाची तिकिटं घेऊन.

तिकिटं म्हणजे चित्रांची नव्हेत. पक्षी, जहाजं, राजघराण्यातली लग्नं यांच्याकडे तो ढुंकून पाहत नसे. त्याला हवी होती रोजच्या टपालाची, बिलांवर आणि वाढदिवसाच्या कार्डांवर चिकटून येणारी, राणीचं डोकं असलेली साधी बारकी तिकिटं. "तीच बाई, तेच डोकं, तेच डावीकडे बघणं," थेल्मा म्हणायची. "माझ्याकडे इतकं बघितलं असतंस तर?" तो म्हणायचा, "तुझ्या दोन रंगांत छपाया कुठे आहेत?"

काम ठरलेलं होतं. पाकिटाचे कापलेले तुकडे भांडी घासायच्या टबात कोमट पाण्यात टाकायचे. तिकीट सुटून वर आलं की चिमट्याने उचलून वर्तमानपत्रावर पालथं घालायचं. वाळलं की जाड पुस्तकाखाली. मग कडेचे दाते मोजायचे. मग तिकीट तिरकं धरून त्यावरचे चमकते पट्टे बघायचे, एक आहे की दोन, डावीकडे की उजवीकडे. टपालखात्याच्या यंत्राला पत्र ओळखता यावं म्हणून ते पट्टे असतात. इथवर कुणालाही जमतं. शेवटी उरते छटा, आणि तिला मोजपट्टी नाही. तिला लागतो डोळा, उत्तरेकडची खिडकी आणि बऱ्यापैकी उजेडाचा दिवस. त्या खोलीत एकच नियम होता. तिकिटं टेबलावर असताना दिवा लावायचा नाही. पिवळ्या दिव्याखाली सगळे निळे एका आईचे होतात, असं तो म्हणायचा.

शिलिंग होते तेव्हाच्या जुन्या हिशोबातलं पाच पेनीचं एक निळं तिकीट आहे. किमतीच्या पुस्तकात त्याच्या दोन छटा दिल्यात. हेडलीला सात सापडल्या. किती वर्षं लागली ते मी सांगत नाही, कारण त्याला स्वतःला ते मोजणं आवडत नसे. हजारो तिकिटं त्या टबातून गेली. सात ढीग झाले, मग त्यातली निवडक पानांवर लावून झाली, आणि मार्चमध्ये परगण्याच्या प्रदर्शनात ती पानं लागणार होती. त्याने कधीही कुठल्या स्पर्धेत भाग घेतला नव्हता. या वेळी एकदाच त्याने नाव दिलं होतं.

आणि आता नव्या डोळ्याने तिसरा आणि चौथा निळा सारखा दिसत होता. अगदी सारखा. पाचव्यात दोन वेगळे पडत होते. सहावा सहावा नव्हताच, तो मळलेला दुसरा होता.

नवा डोळा घेऊन तो घरी आला, त्या दुपारी आम्ही हसलो होतो. "ही किटली कधी आणलीस?" त्याने थेल्माला विचारलं होतं. "तुझी बहीण गेली त्या वर्षी." "निळी आहे?" "मग काय, हिरवी?" "मला हिरवीच वाटायची." भिंती सायीच्या रंगाच्या नव्हत्या, पांढऱ्या होत्या. थेल्माचा तपकिरी स्वेटर जांभळा निघाला. ती हसून लाल झाली आणि म्हणाली, "बरं झालं, निदान आता कळेल कोणाशी लग्न केलंयस." मग तो मागच्या खोलीत गेला आणि थोड्या वेळाने आतून काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज आला. ते भिंग होतं.

हे सगळं ज्याने त्याला आधीच ऐकवलं होतं तो नॉरिस लीक. भट्टीवर हेडलीच्या शेजारी उभा राहणारा, तिकिटांच्या क्लबात त्याच्या शेजारी बसणारा. स्वतःकडे दुसऱ्यांदा आलेलं प्रत्येक तिकीट पाकिटात घालून तो हेडलीच्या दारात टाकायचा, हेडली त्याच्या. मागच्या वसंतात हेडलीने क्लबात पहिल्यांदा सात निळे मांडले. सगळे वाहवा करत होते. नॉरिसने पानावर वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "हेडली, तीन आणि चार एकच आहेत रे. आणि पाचात दोन आहेत."

"तुला दिसत नाही."

"मला दिसतंय म्हणूनच सांगतोय."

"सगळ्यांसमोर?"

"मग काय, कानात सांगू?"

त्यानंतर नॉरिस चहाच्या टेबलाच्या त्या टोकाला बसू लागला आणि हेडली या. पाकिटं बंद झाली. दर महिन्याला चॅपलच्या हॉलमध्ये दोन म्हातारे एकाच बिस्किटांच्या ताटलीतून, एकमेकांकडे न बघता, बिस्किटं उचलायचे.

डाव्या डोळ्याची तारीख ठरलेली होती. परिचारिकेने सांगितलं होतं, भट्टीवर काम केलेल्यांचे असेच पिकतात, दोन्ही करून घ्या. हेडलीने मला अंगणात गाठलं. "गुरुवारी गाडी काढू नकोस."

"का रे?"

"मी नाही जाणार."

हे थेल्माने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं. ती हात पुसत बाहेर आली.

"नाही जाणार म्हणजे? दोन डोळ्यांनी दोन वेगळी घरं दिसतायत तुला. काल पायरी चुकलास. परवा माझ्या मांडीवर गरम चहा. एक डोळा माझ्यासाठी आणि एक तिकिटांसाठी, असं ठरवलंयस का?"

"हा डोळा काढला की ते गेले."

"डोळा काढत नाहीयेत, मूर्खा. मळ काढतायत."

"तोच तर," हेडली म्हणाला. "त्या मळातूनच मी सगळं लावलंय."

 तिला ते कळलं, आणि कळलं म्हणून ती जास्त चिडली. दार आपटून आत गेली.

मला त्याचा राग समजत होता आणि त्याचा कंटाळाही आला होता. तो आडमुठा होता एवढंच ते नव्हतं. माणूस एखादी गोष्ट बाहेर आहे म्हणून आयुष्यभर तिची रांग लावतो, आणि मग कुणीतरी पंधरा मिनिटांत त्याच्या डोळ्यातून ती रांग काढून स्टीलच्या ताटलीत ठेवतं. त्याने करायचं काय? हेडलीने एक केलं. टॉफीचा पिवळा कागद, मोतीबिंदूच्या जागी, नव्या डोळ्यापुढे धरून पाहिला. मी तिथे होतो. तो कागद धरून पानावर वाकला. "आले," तो म्हणाला. मग, "पाच आले. दोन नाही." कागद चुरगळून त्याने खिशात घातला. पुन्हा काढला, सरळ केला, पुन्हा पाहिलं. ते दोन आलेच नाहीत.

"कोणते दोन?" मी विचारलं.

"तेच विचारतोय मी स्वतःला."

प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंना फोन करून नाव मागे घे, असं मी सुचवलं. तो म्हणाला, "कारण काय सांगू? मला दिसायला लागलं?"

मंगळवारी क्लबाची बैठक होती. तो येणार नाही असं मला वाटलं होतं, पण तो पानं बगलेत घेऊन माझ्या गाडीत बसला. वाटेत एक हात उजव्या डोळ्यावर धरून बसला होता. हॉलमध्ये गेल्यावर तो नेहमीच्या खुर्चीकडे वळला नाही. टेबलाच्या त्या टोकाला गेला आणि नॉरिससमोर पान ठेवलं.  शेजारी कुणीतरी चहा ढवळत होतं.

"तीन आणि चार एकच आहेत," हेडली म्हणाला. "पाचात दोन आहेत. झालं समाधान?"

नॉरिसने पानाकडे पाहिलं नाही. हेडलीकडे पाहिलं, मग त्याच्या डोळ्याकडे.

"कधी केलास?"

"काय?"

"डोळा."

"तुला काय करायचंय?"

"मी दोन्ही केले," नॉरिस म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात. लिंकनला जाऊन केले, इथे कुणाला सांगितलं नाही."

हेडली उभाच राहिला.

"माझे नऊ होते," नॉरिस म्हणाला. "तुझे सात, माझे नऊ. तुला कधी दाखवले नाहीत, तू हसशील म्हणून. डोळे झाल्यावर बघतो तर काय... सगळे परत बिस्किटांच्या डब्यात टाकले. ढवळले. झाकण लावलं."

"आणि मग माझ्या पानांवर येऊन..."

"मी तुझ्या पानांवर बघायला आलो होतो की निदान तुझे तरी आहेत का." त्याचा आवाज चढला. "वाटलं, माझा डोळा खराब होता, याचा चांगला असेल. हा बरोबर असेल तर मी फक्त चुकलो. बघितलं, तर तुझेही नव्हते. मग तोंडातून निघून गेलं."

"डोळ्याचं सांगायचं होतंस!"

"तू ऐकून घेतलं असतंस?"

 हेडलीने खुर्ची ओढली, कर्रकन, आणि बसला. "गाढवा," तो म्हणाला. "अख्खं वर्ष त्या टोकाला बसून बिस्किटं खाल्लीस."

"तूही खाल्लीस की. आल्याची सगळी तूच संपवायचास."

गुरुवारी सकाळी मी गाडी काढली तेव्हा थेल्मा फाटकात उभी होती, कोट घालून, पर्स दोन्ही हातांनी धरून. "आत आहे," ती म्हणाली. "हाक मारू नकोस. येईल." मागच्या खोलीच्या खिडकीतून तो दिसत होता. उजव्या डोळ्यावर हात ठेवून तो पानं एकामागून एक पाहत होता. हे पाहणं ओळखायला नव्हतं, ओळखायचं होतं ते सगळं त्याने कधीच ओळखलं होतं. मग तो बाहेर आला आणि गाडीत बसेपर्यंत त्याने हात काढला नाही. वाटेत आभाळ होतं, राखाडी, नेहमीचं. त्याने ते दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. "ह्याच्यात काही फरक नाही," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही.

"आत अजिबात हलू नका हं, राजे," परिचारिका त्याला आत नेताना म्हणाली.

"हलायला आता काय उरलंय," तो म्हणाला.

डोळ्यावरची पट्टी निघाली त्यानंतरच्या शनिवारी नॉरिस आला. काखेत बिस्किटांचा डबा. थेल्माने मनुका घातलेल्या प्लम ब्रेडचे काप केले, चीज लावलं, आणि मागच्या खोलीत न्यायला गेली तर टेबलावर ताटली ठेवायला जागा नव्हती. नॉरिसने डबा उपडा केला होता. हेडलीने पानांवरची तिकिटं सोडवून त्यात घातली होती, सातच्या सात. एक मोठा निळा ढीग. प्रदर्शनाच्या बाईंना त्याने फोन केला होता. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, पानं पुन्हा लावतोय.

"पुस्तकात दोन दिलेत," नॉरिस म्हणाला. "आता आपले चार डोळे नवे आहेत. दोन काढायचे, लावायचे, विषय संपला."

दोघांचे चिमटे चालू लागले. मी दारात चहा पीत उभा होतो. दुपार उतरत होती. आमच्याकडे हिवाळ्यात ती जेवण झाल्या झाल्या उतरू लागते.

"हे कुठे ठेवतोयस?" नॉरिस म्हणाला.

"वेगळं."

"ते दुसऱ्यातलं आहे."

"दुसऱ्यातलं नाही. हे बघ, ह्याच्याशेजारी धर."

"धरलं. दुसऱ्यातलंच आहे."

"तुला दिसत नाही."

"हेडली."

"तीन आहेत," हेडली म्हणाला. त्याच्या कपाळावर ती जुनी आठी आली होती. "पुस्तक लिहिणाऱ्याने बघितलं नसेल नीट. तीन आहेत. कदाचित चार."

नॉरिसने चिमटा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी चेहरा चोळला. मग पुन्हा चिमटा उचलला आणि ते तिकीट ओढून खिडकीपाशी नेलं. काचेला जवळजवळ नाक लावून उभा राहिला. हेडली त्याच्यामागे जाऊन उभा राहिला, त्याच्या खांद्यावरून वाकून. बाहेर आता फारसा उजेड नव्हता.

"आंधळे होणार आहात पुन्हा," थेल्मा म्हणाली, आणि तिने भिंतीकडे हात नेला.

"दिवा लावू नकोस!" दोघे एकदम ओरडले.

तिने लावला.