घाईत घातलेली मागणी

ऐका, आणि हसायचं तर पोटभर हसा. माझ्या लेकीचं, सुशीलेचं, जमत आलेलं लग्न मी स्वतःच्या तोंडाने मोडायला निघालो होतो!

निर्मळला माझं मंडपाचं दुकान. लग्नसराईत गिऱ्हाईक यायचं आणि तासभर गप्पाच मारायचं. एकदा ठरवलं, बस्स! धंद्यात वेळ सांभाळायचा. कामाचं बोला आणि निघा. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

त्याच आठवड्यात आमची ही म्हणाली, "सुशीलेला मागणी घालायला माणसं यायचीयत. जरा गोड बोला."

"घरी येतील तेव्हा बोलेन," मी म्हणालो.

ती माणसं आधी दुकानातच येतील, हे कोणाच्या डोक्यात येणार? आले दोघे. एक टोपीवाले बाबा, एक त्यांचा भाऊ. आमच्याकडे मागणीचा शब्द चहा झाल्याशिवाय कोणी काढत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? पण मला वाटलं गिऱ्हाईक, आणि वेळ वाचवायचा होता ना!

बाबा ऐसपैस बसले. "यंदा केळी कशी हाय तुमच्याकडं? पानी पुरतं का?"

"पुरतं. लग्न काढलंय ना?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काढलंय... म्हंजे, तुमची मर्जी असंल तर."

"माझी मर्जी कशाला? तारीख सांगा."

"तारीक? एवढ्यात? अजून घरच्यांनी बगितलं नाय."

"बघत बसाल तर दुसरा घेऊन जाईल! रोज दोघं-तिघं विचारून जातात."

बाबा दचकले. "रोज?"

"सीझन आहे, बाबा! आणि निम्मी रक्कम आजच. त्याशिवाय मी कोणाला शब्द देत नाही."

बाबा ताडकन उठले. "आमी चांदीपवरनं एवढ्या लांब आलो, ते हे ऐकाया? कुठला पोरीचा बाप आदी पैसं मागतो हो?"

"कुठल्या पोरीचा?"

"तुमच्या सुशीलेच्या!"

मी खुर्चीतून उठेपर्यंत दोघे रस्त्याला लागलेसुद्धा. घरी ही काय बोलली, ते तुम्ही न विचारलेलंच बरं.

पण हार मानणारा मी नव्हे. दुसऱ्या दिवशी उजाडताच सायकल काढली, रेल्वेचं फाटक ओलांडलं आणि थेट चांदीप गाठलं. अंगणात जाऊन बसलो. बाबांनी पाठ फिरवली. मी भाताचं विचारलं, बैलांचं विचारलं, त्यांच्या गुडघ्याचं विचारलं. दुपार झाली. चहा झाला. दुकान बंद होतं आणि मी तिथे एका बैलाच्या शिंगाबद्दल ऐकत होतो! मधेच उठायचा मोह झाला, पण पोरीचा चेहरा आठवून पुन्हा मांडी घातली.

उन्हं कलली तेव्हा बाबा हसले. "मानूस बसतो, म्हंजे चांगला हाय. तारीक मात्र आमी काडनार."

"तुम्ही म्हणाल ती!"

त्यांनी तारीख सांगितली. त्याच दिवसासाठी आठवड्यापूर्वी मी माझा अख्खा मंडप वालीवच्या एका पार्टीला देऊन बसलो होतो. दोन मिनिटांत! तेव्हा केवढी शाबासकी दिली होती मी स्वतःला.

शेवटी मुलीच्या लग्नाला मंडप घातला तो माझ्या धंद्यातल्या वैऱ्याने, पास्कलने. काय मंडप होता हो! झालरी, कमानी, सगळं देखणं. पाहुणे माझ्यापाशी येऊन कौतुक करत होते. तिघांनी तर तिथेच आपापल्या घरच्या लग्नाची ऑर्डर दिली.

पास्कलला.