हरणाऱ्यांचं टेबल

आमच्या गावच्या कर्लिंग हॉलचं छप्पर गळायला लागलं. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत खुणेपर्यंत न्यायचा खेळ. बर्फ पडायच्या आत नवे पत्रे बसले नाहीत, तर हॉल बंद होणार होता. समितीने मला अध्यक्ष केलं आणि रेजायना शहरात नेतृत्वाच्या शिबिराला धाडलं. जन्मभर विटा रचल्या होत्या. माणसं जमवणं त्याहून काय अवघड असणार?

शिबिरात सांगितलं : हात घट्ट धरा, समोरच्याचं नाव तीनदा घ्या, ओळख हेच भांडवल.

परतलो तो थेट डेलच्या दुकानात. त्याचा हात पकडला. "डेल, कसा आहेस, डेल? शनिवारी छपरावर ये, डेल."

"लेन, आपण शाळेत एका बाकावर बसायचो. डोक्यावर आपटलास का?"

शनिवारी मी, माझी शिडी आणि ऑर्विल ड्यूक, एवढेच हजर. ऑर्विल शाळेची बस चालवायचा. कर्लिंगमध्ये गावातला सगळ्यात वाईट खेळाडू. त्याचा दगड अर्ध्या वाटेतच दमायचा. आमच्याकडे जिंकणाऱ्याने हरलेल्यांना पाजायचं आणि सगळ्यांनी एका टेबलाशी बसायचं. ऑर्विल नेहमी हरायचा, म्हणून नेहमी बसलेला असायचा.

"तू जिंकतोस, टेबलावर पैसे टाकतोस आणि घरी जातोस," तो म्हणाला. "आम्ही तुला एटीएम म्हणतो."

"मला वाटलं, उस्ताद म्हणता."

"तेही म्हणतो. तोंडावर. थांब, छपरासाठी मी विचारतो सगळ्यांना."

पुढच्या शनिवारी अर्धं गाव हत्यारं घेऊन आलं. मी लगेच शिडीवर. "डेल, स्क्रू तिरका गेलाय. काढ." डेलने ड्रिल ठेवलं आणि खाली उतरला. त्याच्यामागे आणखी दोघे निघाले. पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं.

"अध्यक्ष," ऑर्विल वर न बघताच म्हणाला, "खाली ये आणि कॉफी दे."

उतरलो. कॉफी देताना साखर किती हे विचारावंच लागतं. डेल साखर घेत नाही. साखरेचा आजार त्याला बरीच वर्षं आहे म्हणे. मला पत्ता नव्हता.

"माझं चुकलं," मी म्हणालो. नाव एकदाही घेतलं नाही. तो कप संपवून पुन्हा वर चढला.

अंधार पडायच्या आत पत्रे बसले. रात्री बर्फ पडला.

आता सामना संपला की मीही टेबलाशी बसतो. डेलचा तो तिरका स्क्रू बरोबर माझ्या डोक्यावर येतो. टोक आतून स्पष्ट दिसतं. मी अजून कुणाला बोललेलो नाही. शिबिरापेक्षा हे फार अवघड आहे.