तोंड न पाडलेला पाइप

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसण्यावारी नेल्या. माझं कामच तसं... कॉन्सर्ट हॉलसाठी पाइप ऑर्गन डिझाइन करते. हवा कुठून येते, सूर कुठून निघतो, सगळं कागदावर आखलेलं. पण रत्नागिरीतल्या त्या दुपारचं मला आजही काही आखता येत नाही.

नव्या हॉलमधलं काम होतं. ऑर्गनला हवा पुरवणाऱ्या पंख्याची मोटर अजून जोडलेली नव्हती. हवेची भलीमोठी लाकडी पेटी चिऱ्याच्या दोन ओट्यांवर ठेवलेली, आणि लांज्याचे सुतार सलीमभाई तिच्याखाली उताणे पडून फटींवर चामडं चिकटवत होते. माझे बाबा डबा घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले. आयुष्य जहाजाच्या इंजिन रूममध्ये गेलं, दोन्ही कान ठार गेलेले. आता ओठ बघून समजून घेतात.

अचानक ते उभे राहिले. "बंद कर गो तो!"

"काय बंद करू?"

"तो मोठा. घुमतोय केवढा!" बोट मागच्या भिंतीजवळच्या सर्वांत उंच लाकडी पाइपकडे. मी जाऊन हात लावला. गार, गप्प.

बाबांना घाम फुटला होता. "सलीमला भायेर काढ आधी. इंजिनाचा असा आवाज आला की खालच्या माणसाला आम्ही वर घ्यायचो. विचारत नाय बसायचो."

खरं सांगते, मला रागच आला. सरस ओला होता. मधेच उठलं तर सगळं चामडं पुन्हा खरवडा! सलीमभाईही खालून ओरडले, "ताई, दोन मिन्टा थांबा, सरस सुकंल!" मी बाबांना हातानेच थांबायला सांगितलं.

ते थांबले नाहीत. गुडघ्यांवर बसले आणि सलीमभाईंचे पाय धरून त्यांना फरफटत बाहेर ओढलं. सलीमभाई चिडून काही बोलणार, तेवढ्यात एक ओटा खचला... आणि पेटी खाली बसली. जिथे त्यांची छाती होती, बरोबर तिथे. सरसाचा ब्रश त्यांच्या हातात तसाच. मी रडले.

लोक म्हणतात, चिरा खचताना जमीन थरथरली असेल, बाबांच्या पायांना कळलं असेल. असेल. मग बोट पाइपकडे का? त्या पाइपला तर अजून तोंडच पाडलेलं नव्हतं! हवा कापून सूर काढणारी ती फट मी नेहमी शेवटी, हॉलमध्ये ऐकत ऐकत पाडते. तोवर पाइप म्हणजे नुसता बंद खोका. तो वाजेल कसा? मला सांगता येत नाही.

काम पुरं झाल्यावर बाबांना शेजारी बसवून मी तोच पाइप वाजवला. खुर्च्या थरथरल्या. सलीमभाईंनी छातीवर हात ठेवला. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"वाजव की गो," ते म्हणाले. "कधीची वाट बघतोय."