वस्तादचे दोन किलो

सतरा पेरणी यंत्रं, एकशे चार गेट, मंठ्यातल्या दोन शाळांच्या खिडक्यांच्या ग्रील, कापूस तोलायचे नऊ स्टँड आणि व्यायामाची एक मशीन. सगळं या हातांनी. कुठल्या आयटीआयचा कागद न्हाई.

त्या मशीनवर बसणारा माणूस आज सकाळी गेला.

रंगनाथ वस्ताद.

सकाळपासून ग्रुपवर सगळे ‘देवमाणूस’ लिहून राह्यले. बिलकुल नव्हता. मी चौदा वर्षांचा असताना त्यानं तालमीत सगळ्यांसमोर माझा दंड धरून विचारलं होतं, हे वाळलेलं धसकट कुणाच्या शेतातलं? तिसऱ्या दिवशी हाकलून दिलं. मी वेल्डिंगच्या दुकानात जाऊन बसलो, तो आजपर्यंत.

गेल्या वर्षी वस्तादला लकव्याचा झटका आला.

उजवा हात गेला. पायजम्याची नाडी सून बांधायची. ज्यानं अर्ध्या तालुक्याला लंगोट कसायला शिकवलं, त्याची.

डॉक्टर म्हणाले, हाताला रोज ताकदीचा व्यायाम पाहिजे. धाकटा मुलगा दीपक पुण्याला असतो. त्यानं तीन होम जिमचे फोटो मला व्हॉट्सअॅपवर टाकले. काका, यातली कोणती घेऊ?

मी तिन्हींची मापं वाचली. फोटो कुणीही बघतं.

एकीची सीट उंच, उतरताना वस्ताद पडला असता. दुसरीच्या पुल्या प्लास्टिकच्या. तिसरी खरंच चांगली होती, पण तिच्यातली सगळ्यात हलकी प्लेट पाच किलोची.

मी वस्तादच्या उजव्या हातात स्प्रिंगचा काटा दिला अन् ओढा म्हणालो.

आठशे ग्रॅम.

दीपकला कळवलं, यातली एकही नको. मी बनवतो.

दोन इंची चौकोनी पाइप. बेअरिंगच्या पुल्या. सीट बराबर अठरा इंचांवर, वस्तादच्या गुडघ्याचं माप घेऊन. वजनाच्या पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोललेल्या. एक सहा ग्रॅम जास्त भरली, ती घासून आणली. किती उचललं ते कळावं म्हणून पट्ट्यांवर ओळीनं आकड्यांचा पंच मारला: अर्धा, एक, दीड, दोन.

वस्तादनं बघितलं आणि म्हणाला, “मशीन हाय का पाळणा?”

“आधी हलवून दाखवा,” मी म्हणालो.

अर्धा किलो हलला. मानेवरून घाम आला.

मी रोज दुकान उघडायच्या आधी जायचो. तो शिव्या द्यायचा, मी खेपा मोजायचो. अडीच महिन्यांत तो दोन किलोवर आला.

त्याच आठवड्यात नाडी स्वतः बांधली. गाठ ढिली होती, पण त्याची होती. सुनेला हाक मारून दाखवली आणि सांगितलं, आता सकाळी माझ्या खोलीत यायचं काम न्हाई.

मंग आकड्यांचं निघालं.

तालमीतले जुने लोक भेटायला येऊन राह्यले होते. वस्ताद म्हणाला, वजन हाय तेच राहू दे. फक्त अर्ध्याच्या जागी पाच मार, दोनच्या जागी वीस.

मी न्हाई म्हणालो. माझ्या हातच्या वस्तूवर खोटा आकडा नसतो.

पुढच्या रविवारी आष्टीचे हमीद पैलवान आले. वस्तादकडून दोनदा चीत झालेले, तरी त्याला उस्तादच म्हणणारे. त्यांना बघून वस्ताद मुद्दाम मशीनवर जाऊन बसला.

दोन किलो वर गेले. सावकाश, हात न थरथरता. पुलीचा एवढाही आवाज न्हाई.

हमीदभाईंनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी विचारलं, “उस्ताद, कितना है?”

“वीस.”

आणि वस्तादनं माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितल्यासारखं.

मी म्हणालो, “दोन.”

कुणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं. हमीदभाईंनी खाली बघत चहा संपवला. निघताना वस्तादचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, आजारी लेकराचा धरतात तसा.

ते गेल्यावर वस्ताद एवढंच म्हणाला, “बराबर हाय. दोनच हाय.”

परत कधी मशीनवर बसला न्हाई.

मी चारदा गेलो. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यचा. महिन्याभरात हात होता तसा गळाला. नाडी पुन्हा सून बांधायला लागली. शेवटपर्यंत तीच बांधत होती.

सूड होता का?

होता. तीसेक वर्षं जपलेला.

पण ते दोन किलो खरे होते. आठशे ग्रॅमवरून दोन किलो, या वयात, मेलेल्या हातानं. मला त्या दोनचा गर्व होता. वाटलं, त्यालाही असेल. सगळी मापं बराबर घेतली, एवढं एक घेतलं न्हाई.

वस्ताद, शेवटचा रामराम.

एक लिहायचं राह्यलं. मशीनचा खर्चा दीपकनं दिला होता, तो वेगळा. ते चार आकडे बदलायचे म्हणून वस्तादनं डाव्या हातानं उशीखालून रुमाल काढला होता आणि माझ्यापुढं धरला होता. मी हात मागं घेतला.

नऊ हजार रुपये होते.