एकोणीस वर्षांची लाळ

समस्त विद्वान, पालक आणि परीक्षार्थी जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गेली एकोणीस वर्षे अमरावतीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचं अकरावीचं जीवशास्त्र माझ्या थुंकीवर चाललं. याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. म्हणून मीच करते आहे. सावरून बसा.

पहिला प्रवेश. प्रयोगशाळा. ओट्यांभोवती पांढऱ्या ॲप्रनातली बत्तीस मुलं. सर फळ्यावर लिहितात : लाळेतल्या अमायलेजची स्टार्चवर होणारी क्रिया. मग मला हाक मारतात. मी परिचर. नळ्या धुणारी, स्टार्च उकळणारी, सगळ्यांची मावशी. सर बीकर माझ्यापुढे करतात. हातानं नाही. चिमट्यानं. बीकर कोरडा ठणठणीत, सकाळी मीच घासलेला. तरी चिमट्यानं.

"थुंका, मावशी."

मी थुंकते. मागून कोणीतरी "ईऽऽ" करतं. सर म्हणतात, "हसू नका रे. यांच्या लाळेला जोर असतो. भाकरीवर वाढलेली माणसं." वर्ग खो खो हसतो. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं, सांगू?

मी.

खरं तर प्रयोगवहीत साफ लिहिलं होतं, लाळ विद्यार्थ्यानं स्वतःची घ्यावी. पण मी नोकरीला लागले त्या वर्षी पहिल्या ओट्यावर एका डॉक्टरांची मुलगी होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्राचार्यांच्या खोलीत. चांगल्या घरच्या मुलीला चारचौघांत थुंकायला लावता? सरांनी लगेच वाट काढली. वाट म्हणजे मी. माझ्या बीकरला लाल ऑइल पेंटचा पट्टा मारला. तो बाकीच्या काचसामानात ठेवायचा नाही. खिडकीत, फिनेलच्या बाटलीशेजारी ठेवायचा. प्रयोग वर्षातून आठ दिवस. पट्टा बारा महिने.

मी काय करत होते? नाटक. पदर खोचून यायची, तीनदा खळखळून चूळ भरायची, मुलांना डोळा मारायची. मुलं खूश. मला वाटायचं, मी त्यांना हसवते आहे.

एका वर्षी डोकं फिरलं. पोटात घास नव्हता, आणि सर म्हणाले, "लवकर थुंका हो, आज काय कंजूषी करताय?" दुपारी दुसरी तुकडी यायची होती. मागच्या खोलीत गेले, लाळ बर्नरवर खदखदा उकळली, थंड केली आणि तीच दिली. उकळलेल्या लाळेत जीव राहत नाही, स्टार्च तसाच पडून राहतो, हे मी दरवर्षी बघत होते. मुलं दर दोन मिनिटांनी नळीतला थेंब पांढऱ्या फरशीवर टाकत, वर आयोडीनचा थेंब; स्टार्च उरला असला की रंग निळा येतो. निळाकाळा. परत निळाकाळा. वीस मिनिटं निळाकाळा. आणि बत्तीसच्या बत्तीस वह्यांत काय लिहिलं? "बारा मिनिटांनी निळा रंग नाहीसा झाला." सरांनी सह्या ठोकल्या.

मागच्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसले. पोट दुखेस्तोवर. मग हसू थांबलं. उत्तर जर पुस्तकातूनच उतरवायचं होतं, तर माझी लाळ लागतच नव्हती. मग मला रांगेनं एवढी वर्षं वर्गापुढे उभं करत होते ते कशासाठी? हा प्रश्न मी कोणालाच विचारला नाही. स्वतःलासुद्धा नीट नाही.

मग माझी भाची आली. वलगावला माझ्या भावाचं वांग्यांचं आणि झेंडूचं वावर आहे, त्याची ही मोठी. शिकायला माझ्याकडे राहिली, माझ्याच कॉलेजात, अकरावी सायन्सला. एकदा जेवताना मला म्हणाली, "आत्या, भाकर गिळू नको. चावतच राह्य. गोड लागते का नाई, सांग."

चावली. लागली की गोड!

"तुह्या लाळेतलं विकर स्टार्चची साखर करून राहिलं," ती म्हणाली.

रंग जातो, एवढं मला ठाऊक होतं. रंग जाऊन साखर होते, आणि तीही माझ्याच तोंडात, घासागणिक, हे मला एकोणीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच काय? बीकरला कोणी जीवशास्त्र शिकवतं का?

यंदाचा प्रयोग. सरांची स्वारी खुशीत. हजेरी घेता घेता थांबले. "अरे, ही आपल्या मावशींचीच ना? मग झालं! मावशींनी तरी किती वर्षं द्यायची? यंदापासून ही देईल. घरचंच काम आहे."

त्यांना वाटलं, माझ्यावर उपकारच केला.

पोरगी उठली. कान लाल. बत्तीस जणांतून चालत टेबलापाशी आली, आणि चेहऱ्यावर हसू. ते हसू मी ओळखलं. माझंच होतं.

चिमट्यातला बीकर मी हातानं ओढून घेतला.

"सर, हिले नका मांगू."

"मावशी, वेळ जातोय."

"इतकी तोंडं हायेत वर्गात. ज्याची वही, त्याची लाळ. आन् पोराईले लाज वाटत असंल, तं पयले तुमी थुंका."

बीकर त्यांच्या हनुवटीखाली धरला.

"मेमो काढीन तुम्हाला."

"काढा."

इथपर्यंत, खोटं कशाला बोलू, मजा आली. इतक्या वर्षांच्या मुक्या भूमिकेला पहिल्यांदा संवाद मिळाला होता. पण सर आवाज खाली आणून म्हणाले, "हिचे प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत. विसरू नका."

तोंड कोरडं पडलं. भीतीनं लाळ आटते, हेही जीवशास्त्रच. मनात आलं, थुंकून टाक. एका मिनिटाचं काम. पोरीचं वर्ष वाचेल. हेच तर मी दरवर्षी स्वतःला सांगत आले होते, फक्त तेव्हा वाचवायला पोरगी नव्हती, नोकरी होती. पुढच्या वर्षी वाचवायला आणखी काहीतरी असेल. असतंच.

बीकर टेबलावर पालथा घातला.

मेमो आला. उत्तर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : नळ्या धुईन, स्टार्च उकळीन, फरशी पुसीन. लाळ देणार नाही. माझ्या घरचं कोणीही देणार नाही. चौकशी अजून चालू आहे. उत्तर बदललेलं नाही, बदलणार नाही.

पण ते नंतरचं. त्या वेळी पोरगी माझ्याशेजारीच उभी होती. हसू पुसलं गेलं होतं. सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं, हजेरीपटावर तिच्या नावापाशी बोट नेलं आणि माझ्याकडे बघत राहिले, मी हात जोडते का म्हणून. तेवढ्यात ती एकदम, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी ओरडली :

"झिरो लिहा नं सर! आत्ताच लिहा, माह्यासमोर लिहा!"